एकतिसावं पान

१

फाईलमध्ये तिसावं पान होतं, बत्तिसावं होतं, एकतिसावं नव्हतं. अपिलाच्या सुनावणीत हे सगळ्यांत आधी लक्षात आलं ते खुर्चीवाल्यांच्या मुलीच्या. आवाज न चढवता ती म्हणाली, "साहेब, या दोन पानांच्या मध्ये अजून एक पान होतं. माझ्या बाबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

कस्टम्सच्या आमच्या कचेरीत तिच्या वडिलांना सगळे खुर्चीवालेच म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांकडे ती खुर्ची असते ना, वरखाली होणारी, मागे आडवी होणारी, ती दुरुस्त करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करता करता त्यांना वाटलं, आपणच नव्या का आणू नयेत. होतं नव्हतं ते घालून त्यांनी परदेशातल्या कारखान्याकडून थेट बारा खुर्च्या मागवल्या. बंदरात माल उतरला आणि आमच्या मूल्यांकन विभागाने विचारलं, इतक्या स्वस्त कशा?

प्रश्न चुकीचा नव्हता. शुल्क किती ते किमतीवर ठरतं, आणि किंमत दाबून सांगणारे लोक रोज भेटतात. अशी शंका आली की एक सरळ रीत आहे. तोच माल, त्याच कारखान्याचा, त्याच सुमारास, साधारण तशाच प्रकारे दुसऱ्या कोणी आणलाय का ते शोधायचं. असा जुळता व्यवहार सापडला की त्याची किंमत धरायची. जास्त सापडले तर त्यातली सगळ्यात कमी किंमत धरायची, तसा नियमच आहे. खुर्चीवाल्यांनी सांगितलेली किंमत शंभर मानली, तर फाईलमध्ये दोन जुळते व्यवहार होते, एक एकशे नव्वदचा, दुसरा एकशे अठ्ठ्याहत्तरचा. दोन्ही एकाच मोठ्या कंपनीचे. अधिकाऱ्याने एकशे अठ्ठ्याहत्तर धरली. त्या हिशेबाचं शुल्क खुर्चीवाल्यांना झेपलं नाही. माल अकरा महिने गोदामात पडून राहिला आणि दरम्यान त्यांची दुरुस्तीची कार्यशाळा विकली गेली.

मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पर्समधून वडिलांची खिशात मावेल एवढी वही काढली आणि अपील अधिकाऱ्यांसमोर उघडून ठेवली. गेल्या वर्षी चार तारखेला खुर्चीवाल्यांना फाईल पाहायला दिली होती, तेव्हाची नोंद होती. 'पान ३१. हीच खुर्ची. चार नग. थेट कारखान्याकडून. आमचे शंभर तर त्यांचे एकशे आठ. नावावर कागद चिकटवला आहे.'

दुसऱ्या आयातदाराचं नाव आम्ही झाकूनच दाखवतो, त्यामुळे नोंद खरी वाटत होती.

"तुमचे वडील का आले नाहीत?" अपील अधिकाऱ्यांनी विचारलं.

"या इमारतीच्या पायऱ्या आता चढायच्या नाहीत म्हणतात."

अपील अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुख्य कार्यालयाच्या तपासणी कक्षात होते, पण त्याआधी एकोणीस वर्षं याच मूल्यांकन विभागात काढलेली. तिथल्या प्रत्येक टेबलाची करकर माझ्या ओळखीची.

"चार दिवस देतो," ते म्हणाले. "फाईल कुलपात असते, तेव्हा उंदराने पान नेलं असं लिहून आणू नका. ते कोणत्या व्यवहाराचं होतं, आणि कोणी काढलं, दोन्ही सांगा."

२

रेकॉर्डकाका तळघरात बसायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. फाईलच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलने नंबर टाकायचं काम त्यांचं.

"काका, संगणकावर या मॉडेलचे दोनच व्यवहार दिसतात. मग हा तिसरा आला कुठून?"

त्यांनी आधी समोरचा गठ्ठा सारखा केला, मग चष्मा पुसला. "मी घातला," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"इथे यायच्या आधी मी गोदामावर होतो, तुम्हाला माहीतच आहे. माल मी कागदावर नाही, नजरेने ओळखतो. यांच्या फाईलमधला खुर्चीचा फोटो पाहिला आणि आठवलं, अशाच चार खुर्च्या दीड-दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाताखालून गेल्यात. संगणकात दिसत नाहीत, कारण तिथे मॉडेल लिहिलंच नाही. 'दवाखान्याचं फर्निचर' एवढंच लिहिलंय. मी कागद शोधून काढला आणि दोन तारखेला फाईलला लावला. म्हटलं, माणसाच्या उपयोगी पडेल."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणाला कशाला सांगू? माझं काम मी केलं."

"आणि काढला कोणी?"

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली त्याचा आवाज आला. "मॅडम, अपिलासाठी फाईल वर पाठवताना मी पानं मोजली, तेव्हाच मला कळलं होतं पान नाही. मी वाच्यता केली नाही. हा माझा दोष, लिहून घ्या. मी काढलेलं नाही, हेही लिहून घ्या."

"तुम्हाला संशय आहे कोणावर तरी."

"माझी बायको आजारी होती तेव्हा माझी बदली निघाली होती, आठवतं? ती थांबली. कोणी थांबवली तेही तुम्हाला आठवत असेल." त्यांनी दोऱ्याची काडी कानामागे नीट बसवली. "तो व्यवहार कोणाचा होता हे तुम्ही मला विचारू नका. गोदामाच्या वहीला विचारा. वही कोणाचं मीठ खात नाही."

मला आठवत होतं कोणी थांबवली ते. पण त्या वेळी मी तो विचार बाजूला सारला. निम्म्या कचेरीवर त्या माणसाचे उपकार होते, माझ्यावरही.

३

संशय घ्यायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे मोठ्या कंपनीचा एजंट. तो कंपनीचा माल सोडवून घ्यायचा आणि दिवसभर मूल्यांकन विभागातच ठिय्या मारून असायचा. स्वच्छ इस्त्री, गोड बोलणं, सगळ्यांच्या मुलांची नावं तोंडपाठ. खुर्चीवाल्यांच्या किमतीबद्दल तक्रारीचा अर्ज त्यानेच टाकला होता.

"टाकला, नाकारत नाही," तो म्हणाला. "आमच्या मालकांनी सांगितलं, टाक. पण पान चोरायला मी काय वेडा आहे? माझी रोजीरोटी या इमारतीत येण्या-जाण्यावर आहे. एक पान सापडलं असतं माझ्या बॅगेत, तर दारवानाने मला आत सोडलं नसतं."

"फायदा तुमचाच झाला."

"झाला. पण मॅडम, फायदा झाला म्हणून मी केलं असं असेल, तर पाऊस पडल्यावर छत्रीवाल्याला पकडा."

आदेश लिहिणारा अधिकारी दुसऱ्या टोकाचा. कोणाचा चहा घ्यायचा नाही, कोणाशी हसायचं नाही. हिरव्या शाईच्या पेनाने लिहायचा, म्हणून त्याला मागून सगळे हिरवी शाई म्हणत. मी फाईल त्याच्यासमोर ठेवली तेव्हा तो ताठ बसला होता.

"मी फाईल एकोणीस तारखेला हातात घेतली. तेव्हा माझ्यासमोर दोनच जुळते व्यवहार होते. तिसरा असता, तर नियमाने मला तोच धरावा लागला असता. एकशे आठ म्हणजे जवळपास त्यांनी सांगितलेलीच किंमत. प्रकरण तिथेच मिटलं असतं."

"तुम्ही ते पान पाहिलं नाहीत, याला पुरावा?"

त्याने फाईल उलटी फिरवून तिसावं पान दाखवलं. खाली डाव्या कोपऱ्यात हिरव्या शाईने बारीक ३० लिहिलं होतं. "वाचलेलं प्रत्येक पान मी स्वतः मोजतो. सवय आहे." त्याने पान उलटलं. वर काकांची लाल पेन्सिल म्हणत होती ३२. खाली हिरवी शाई म्हणत होती ३१.

म्हणजे त्याने वाचलं तेव्हाच मधलं पान गेलेलं होतं.

"वरचा लाल आकडा दिसला नाही तुम्हाला?"

त्याने लाल आकड्याखाली बोट टेकवलं. "स्वतःचाच आकडा बघत होतो," तो म्हणाला. "वर नजर टाकली असती तर... आणि मॅडम, अजून एक गोष्ट. त्या कंपनीने खुर्च्या मधल्या व्यापाऱ्याकडून एकेक करून घेतल्या होत्या. यांनी बारा एकदम, थेट कारखान्यातून. तो फरक मी किमतीतून वजा करायला हवा होता. केला नाही. ते पान कोणी काढलं ते मला माहीत नाही, पण हे मात्र माझं आहे."

संध्याकाळपर्यंत मी फाईल पुढे घेऊन बसले होते. बत्तिसावं पान तीनदा वाचलं. ते कारखान्याचं पत्र होतं, बारा खुर्च्या एकदम घेतल्यास काय भाव पडतो ते सांगणारं. खुर्चीवाल्यांच्या बाजूचा दुसरा पुरावा. हिरव्या शाईने आदेशात त्याचा उल्लेख केला होता आणि 'केवळ पत्र पुरेसं नाही' म्हणून ते बाजूला ठेवलं होतं.

हे पान फाईलमध्ये कसं राहिलं?

एजंट असो की आणखी कोणी, खुर्चीवाल्यांना बुडवायला निघालेल्या माणसाने एकतिसावं काढून बत्तिसावं तसंच ठेवलं नसतं. हात तिथेच होता. दोन्ही एकाच चिमटीत आली असती. ज्याने एकच काढलं त्याचं खुर्चीवाल्यांशी काही वैर नव्हतं. त्याला फक्त ते एक पान नको होतं. मी दोन दिवस शत्रू शोधत होते, आणि शत्रू नव्हताच. तिथे कोणीतरी घाबरलेलं होतं.

४

दोन तारखेला काकांनी पान घातलं. चार तारखेला खुर्चीवाल्यांनी पाहिलं. एकोणीसला हिरव्या शाईने फाईल वाचली तेव्हा ते नव्हतं. मधले पंधरा दिवस.

फाईल कपाटातून बाहेर निघाली की एका वहीत नोंद होते, कोणी नेली, कशासाठी, परत कधी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही घेऊन बसले. त्या पंधरा दिवसांत फाईल एकदाच बाहेर गेली होती. दहा तारखेला घेतली, सतराला परत. नेणारे, विभागप्रमुख.

विभागप्रमुख म्हणजे मास्तर.

ते काही शिक्षक नव्हते, पण आम्हा सगळ्यांना कामाचं वळण त्यांनी लावलं, म्हणून मास्तर. मी पंचवीस वर्षांची असताना पहिल्या दिवशी माझ्यासमोर दोन एकसारखी कुलपं ठेवून त्यांनी विचारलं होतं, यातलं महाग कोणतं? मी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. ते म्हणाले, "कुलपाकडे बघून कळणार नाही. कोणी, कोणाकडून, किती, कधी घेतलं ते विचार." सहा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं होतं, आणि शेवटची ओळ मला वाचता आली नव्हती.

विभागप्रमुखाने फाईल मागवणं यात वावगं काही नाही. मी स्वतःला तसं समजावलंसुद्धा. मग 'कशासाठी' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'मुख्य कार्यालयाकडून आलेल्या पत्रावर अहवाल.' खाली पत्राचा जावक क्रमांक, आणि क्रमांकाच्या शेवटी पाठवणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरं.

ती दोन अक्षरं माझी होती.

५

मुख्य कार्यालयाची जावक वही काढायला मला दहा मिनिटं लागली. नऊ तारखेची नोंद. 'दंतखुर्च्यांच्या आयातदाराचं पत्र, पान ३१ ची प्रत मिळण्याबाबत. मूल्यांकन विभागप्रमुखांकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी. गोपनीय.'

मला ते पत्र आठवेना. दिवसाला तीस-पस्तीस पत्रं येत. वरच्या दोन ओळी वाचायच्या, विषय कोणत्या विभागाचा ते बघायचं, शिक्का मारायचा, पाठवून द्यायचं. आठवडाभराने मास्तरांचं उत्तर आलं होतं, तेही सापडलं: 'अर्जदारांनी फाईल पाहिली आहे. वेगळ्या कार्यवाहीची गरज नाही.' त्यावर माझाच शेरा होता, 'दाखल'.

आता सगळं ओळीने लागत होतं. चार तारखेपर्यंत एकतिसाव्या पानाची गोष्ट दोघांनाच माहीत होती, काकांना आणि खुर्चीवाल्यांना. काकांनी कोणाला सांगितलं नव्हतं. खुर्चीवाल्यांनी मदतीच्या आशेने वर कळवलं. आणि वरच्या माणसाने, म्हणजे मी, ते बंद पाकिटात घालून नेमक्या त्याच एका माणसाच्या टेबलावर पोचवलं, ज्याला ते पान नको होतं.

पण का नको होतं? दुपारी गोदामात गेले. लोखंडी दारं, छताच्या पत्र्याला गंज, भिंतींना ओल. गोदामाची वही जाडजूड होती. गेल्या वर्षीच्या नोंदी उलटत गेले. दवाखान्याचं फर्निचर, चार नग, आकाशी गादी. माल सोडण्याच्या आदेशावर सही मास्तरांची. माल घेणाऱ्याच्या रकान्यात एका दातांच्या दवाखान्याचं नाव.

तो दवाखाना मला माहीत होता. तिथे मी माझी अक्कलदाढ काढून घेतली होती. डॉक्टर हात हलका असलेला, हसतमुख. आकाशी गादीच्या नव्या कोऱ्या खुर्चीत मी तोंड उघडून पडले होते आणि तो म्हणाला होता, "घाबरू नका, बाबा रोज तुमचं कौतुक करतात."

मास्तरांचा मुलगा.

मी वही मिटली आणि सरळ अपील अधिकाऱ्यांकडे गेले. सगळं सांगितलं, पत्राचंही. म्हटलं, "साहेब, हा तपास मी करू नये. यात मीही आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या सुनावणी आहे. दुसरा माणूस आणला तर पुन्हा तीन महिने जातील, आणि त्या माणसाचे अकरा आधीच गेलेत. पूर्ण करा. तुमचं जे आहे ते तुम्हीच लिहा, मी ते वाचून दाखवायला लावीन."

६

मास्तरांच्या घराचं दार काकूंनी उघडलं. "अगं, तू. किती दिवसांनी," म्हणून माझा हात धरून आत घेऊन गेल्या. मास्तर खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. माझ्या हातातली फाईल पाहिली आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

"चहा टाक," ते काकूंना म्हणाले. त्या आत गेल्या. मग हळू आवाजात मला, "किती नंबरपर्यंत पोचलीस?"

"बत्तीस जागेवर आहे सर. म्हणून कळलं."

ते थोडंसं हसले, खरं तर हसायचा प्रयत्न केला. "तू बघशील हे मला वाटलं होतंच. दुसऱ्या कोणी बघितलं नसतं."

"तो व्यवहार खोटा होता का?"

"अजिबात नाही. एकशे आठ म्हणजे एकशे आठ. बँकेचे कागद आहेत, कारखान्याची पावती आहे. एक पैसा इकडचा तिकडे नाही." त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "त्या दिवशी विभागात दुसरा अधिकारी नव्हता. मुलाच्या दवाखान्याचं उद्घाटन चार दिवसांवर आलेलं. त्याचा फोन, बाबा, माल अडकलाय. मी म्हटलं, कागद चोख आहेत, आणि केली सही. स्वतःच्या मुलाच्या मालावर. करायला नको होती. दुसऱ्याची वाट बघायला हवी होती, फार तर दोन दिवस."

"मग ते पत्र आलं."

"पत्र आलं, आणि कळलं की माझा कागद दुसऱ्याच्या फाईलमध्ये जाऊन बसलाय. तो जुळता व्यवहार म्हणून धरला, की कंपनीचा एजंट विचारणार, हा कोणाचा? सही कोणाची? निवृत्तीला पाच महिने. चौतीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, मुलाचा माल बापाने स्वस्तात सोडवला." त्यांचे हात मांडीवर होते, एकमेकांत अडकवलेले. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी चोर नव्हतो, तरी चांदणं पडलं."

"खुर्चीवाल्यांचं काय होईल, हे वाटलं नाही?"

"कारखान्याचं पत्र होतं ना. वाटलं, तेवढ्यावर त्यांची किंमत मान्य होईल. मी असतो तर केली असती. आदेश लिहिणारा पोरगा इतका कडक निघेल असं वाटलं नाही. आदेश निघाला तेव्हा ठरवलं, उद्या सांगू. मग त्याचा उद्या, मग त्याचा. रोज सकाळी त्या माणसाला तळमजल्यावरच्या बाकावर बसलेला बघायचो. पुढे पुढे मी मागच्या दाराने यायला लागलो."

ते उठले, कपाटातून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत एकतिसावं पान होतं, कोपऱ्यात काकांची लाल पेन्सिल.

"फाडलं नाहीत?"

"कस्टम्सचा कागद आहे. हात उचलेना. पत्र मात्र फाडलं. त्यात माणूस बोलत होता. घरात ठेववेना."

काकू चहा घेऊन आल्या. माझ्या हातातलं पाकीट त्यांनी पाहिलं. त्यांना ठाऊक असावं, किती ते मला कळलं नाही. कप ठेवताना त्या म्हणाल्या, "कोणी काढलं ते सापडलं नाही, असं नाही का गं लिहिता यायचं? पान तर मिळालंच ना."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या माणसाने मला विचारायचं कसं ते शिकवलं, तो माझ्या उत्तराची वाट बघत होता, आणि घाबरला होता.

"नाही काकू," मी म्हणाले. चहा तसाच राहिला.

७

दुसऱ्या दिवशी सुनावणीत मी अहवाल वाचला. पान कोणत्या व्यवहाराचं, कोणी काढलं, का काढलं. शेवटचा परिच्छेद माझा होता. अर्जदाराचं पत्र पूर्ण न वाचता पुढे पाठवल्यामुळे पान काढणाऱ्याला त्याची खबर मिळाली, आणि त्याने दिलेलं उत्तर शहानिशा न करता दाखल केलं गेलं. वाचताना माझा आवाज नीट होता. मला त्याचंच नंतर वाईट वाटलं.

एकशे आठ हा सगळ्यात कमी किमतीचा जुळता व्यवहार ठरला. खुर्चीवाल्यांनी आणलेल्या खुर्च्या बारा, या चार. संख्या वाढली की भाव उतरतो, हे कारखान्याच्या पत्रात होतंच. तेवढा फरक वजा केल्यावर राहिले शंभर. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले होते तेवढेच. आदेश रद्द झाला. मास्तरांवर चौकशी बसली. त्यांनी स्वतःच येऊन जबाब दिला, पहिल्यांदाच पुढच्या दाराने. हिरव्या शाईची बदली झाली. मला लेखी ताकीद मिळाली, कमीच होती. काकांना कोणी काही बोललं नाही, तरी ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आठवड्याने माल सोडवायचा दिवस आला. कचेरीच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या म्हणून खुर्चीवाले थेट गोदामावर आले. उंच, वाकलेले, बोटांच्या पेरांवर जुन्या ग्रीसचे डाग. मुलगी सोबत होती, तिच्या हातात मागून आणलेली हत्यारांची पेटी. स्वतःची हत्यारं कार्यशाळेबरोबर गेली होती.

खोकी उघडली. अकरा महिन्यांची ओल आत शिरलेली. गाद्यांना बुरशी, पंपांचं तेल गळून खाली काळी थारोळी. खुर्चीवाल्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. एकेका खुर्चीपाशी गुडघ्यावर बसायचे, तळाचा दट्ट्या दाबायचे, कान लावायचे, आणि उठताना मुलीला सांगायचे, "ही नाही." बाराव्या खुर्चीपर्यंत असं सात वेळा झालं.

"पाच उभ्या राहतील," ते म्हणाले. "बाकीच्यांचे भाग वापरता येतील."

मी पुढे झाले. कोण ते सांगितलं, आणि त्यांचं पत्र मीच पुढे पाठवलं होतं, हेही. मुलीने झटकन माझ्याकडे पाहिलं. ते फडक्याने हात पुसत राहिले.

"मुलीने अहवाल वाचून दाखवला मला," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एक विचारू? किती वाचलं होतंत पत्र?"

"वरच्या दोन ओळी."

"हं." त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. "चारदा लिहून काढलं होतं. अक्षर चांगलं यावं म्हणून. पाचव्या ओळीत मी विनंती केली होती की हे पत्र कृपा करून त्याच विभागाकडे पाठवू नये."

माफी मागायची असं ठरवून आले होते, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. ते आता फारच लहान वाटलं, तरी मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. ठीक आहे म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत.

मग ते पहिल्या खुर्चीपाशी पुन्हा गुडघ्यावर बसले. मुलीने न मागता पाना पुढे केला. गंजलेला बोल्ट सुटत नव्हता. त्यांनी एकदा जोर लावला, दोनदा लावला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.